डावीकडून फेरी

माझ्या नवऱ्यानं त्याच्या आईला बिनब्रेकची सायकल घेऊन दिली, तेव्हा आमच्या जवळा बाजार गावात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. त्याला आईची नोकरी पाहिजे.

आत्या उपकेंद्रात सिस्टर आहेत. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. त्यांची सरकारी नोकरी आहे, निवृत्तीला बरीच वर्षं बाकी आहेत. सासरे मागेच वारले. मुलगा धम्मानंद, म्हणजे माझा नवरा, पुण्याकडं एका कंपनीत कंत्राटावर. अशा घरात मुलगा आईला ब्रेक नसलेली सायकल आणून देतो म्हटल्यावर लोकांना अनुकंपा तत्त्व आठवणारच. शेजारच्या शिवकन्याकाकू दोन दिवस माझ्याकडं मयताच्या घरी बघावं तसं बघत होत्या. शेवटी कुंपणापाशी आल्या.

"दीक्षे, तुला म्हाईत होतं का गं?"

"काय?"

"ब्रेकचं."

मी त्यांना समजावून सांगितलं. ट्रॅकवर पळवायची सायकल अशीच असते. तिला ब्रेक नसतो, आणि पायडल मोकळं फिरत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरतात. थांबायचं असेल तर बऱ्याच आधीपासून मनाची तयारी करावी लागते.

"म्हंजे कंपनीतूनच तशी येती?"

"हो."

"मग केस बी होणार न्हाई," काकू म्हणाल्या, आणि जरा मोकळ्या मनानं घरी गेल्या.

नोकरीचा आणि सायकलीचा संबंध नव्हता. अठराव्या वर्षी आत्यांची ट्रॅक सायकलिंगमध्ये महाराष्ट्राच्या संघात निवड झाली होती. त्या नांदेडला शिकायला होत्या, तिथल्या खेळाच्या सरांनी पुण्याला नेलं, आणि त्या निवडल्या गेल्या. त्याच महिन्यात लग्न ठरलं. संघ स्पर्धेला गेला, आत्या सासरी आल्या. सायकल माहेरी राहिली, तिच्यावरून भावांनी कडबा वाहिला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही ज्वारी निवडताना, खडा बाजूला काढावा तसं.

आता वयस्कर खेळाडूंसाठी मास्टर्स नावाच्या स्पर्धा असतात हे मीच त्यांना मोबाईलवर दाखवलं. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, त्यामुळं मला अभ्यास सोडून बाकी सगळं सापडतं. राज्याची निवड पुण्यात, फेब्रुवारीत होणार होती. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांची एकच शर्यत. पहिल्या दोघी महाराष्ट्राच्या संघात. आत्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"दोन जागा हायत," त्या म्हणाल्या. "मला एक लागती."

सत्कार, मेडल, पेपरात फोटो हा विषयच नव्हता. त्यांना ती जागा पाहिजे होती, आणि ज्या आवाजात त्या उपकेंद्रात "डोस घ्यावाच लागंल" म्हणतात, त्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं. त्या आवाजापुढं आमच्या भागातली अख्खी गावं दंड पुढं करून बसलेली आहेत.

अडचण जागेची होती. ट्रॅक म्हणजे गोल. रस्ते आमच्याकडं आहेत, पण त्यांना खड्डे आहेत, आणि खड्ड्यापुढं बिनब्रेकच्या सायकलीचं मत कुणी विचारत नाही. गुळगुळीत गोल अख्ख्या गावात एकच: बुद्धविहाराभोवतीचा नवा सिमेंटचा रस्ता. आत्या पहाटे वंदना करायच्या आणि तिथंच फेऱ्या सुरू करायच्या. पावसाळा सरला, सोयाबीन निघालं, दिवाळी गेली, तरी फेऱ्या चालू होत्या. पायात जोर आला. दम टिकायला लागला. दंड भरले, नवीन ब्लाउज शिवावे लागले.

फक्त फेऱ्या उजव्या होत्या, प्रदक्षिणेसारख्या.

जगातल्या सगळ्या ट्रॅकवर सायकल डावीकडं वळते. आत्यांना हे अठराव्या वर्षापासून माहीत होतं. पण विहाराला डावी फेरी घालणं त्यांच्याच हँडलला जमेना. एका पहाटे त्यांनी प्रयत्न केला. विहाराची देखभाल करणारे जळबाआजोबा झाडू मारत होते.  ते झाडू मारायचे थांबले.

आत्या उतरल्या. "आजोबा, आपुन अंधश्रद्धा मानत न्हाई ना?"

"बिलकूल न्हाई," आजोबा म्हणाले. "पर फिर उजवीकडूनच."

"काहून?"

"ती शिस्त हाय."

आत्यांनाही तसंच वाटत होतं, म्हणून तर पंचाईत होती. डिसेंबर उजाडला तेव्हा आमच्याकडं उजवीकडं वळणारी महाराष्ट्रातली सर्वांत तयार सायकलपटू होती. डावीकडं वळताना ती म्हशीला चुकवल्यासारखी वळत होती.

मग मला बंद पडलेली जिनिंग सापडली. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागं आहे. पूर्वी तिथं कापसाचे डोंगर लागायचे, आता नुसतं सिमेंटचं मैदान आहे, आणि राखणीला ग्यानबामामा. जिनिंग बंद पडली तेव्हा मालक मामांना नको म्हणायला विसरला, तेव्हापासून ते राखण करून राहिले. त्यांनी लगेच परवानगी दिली. त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईला, थंडीताप आला होता; आत्यांनी रोज येताना तिला तपासून गोळ्या द्याव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मैदान चौकोनी होतं. मी मधोमध एक ड्रम ठेवला, त्याला दोरी बांधली, आणि दोरी ताणून खडूनं मोठा गोल आखला. ड्रम डांबराचा होता, रस्त्याच्या कामानंतर कुणीतरी टाकून दिलेला, तळाशी वाळलेलं डांबर. पहाटे अंधुक उजेडात काळा ड्रम आत्यांना दिसेना. शहरात रस्त्याच्या कामावर भगवे शंकू ठेवतात, ते लांबून दिसतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी ड्रमला रंग दिला. शेंदरी.

यात मला तेव्हा काहीही वावगं दिसलं नाही.

आठवडाभर सगळं झकास चाललं. नऊवारी नाही, पंजाबी ड्रेस नाही, धम्मानंदनं पाठवलेला काळा ट्रॅकसूट घालून, डोक्याला हेल्मेट लावून, ओठ घट्ट मिटून एक बाई रोज पहाटे एका शेंदरी वस्तूभोवती गोल गोल फिरत होती. घाम गाळत होती. कुणाशी बोलत नव्हती. आठव्या दिवशी ड्रमपुढं नारळ होता.

मला वाटलं कुणाचा तरी पिशवीतून पडला. दुसऱ्या दिवशी अगरबत्ती होती. अगरबत्ती पिशवीतून पडून पेटत नाही. तिसऱ्या दिवशी हळद-कुंकू. हळदीला आमच्या जिल्ह्यात काय तोटा. आठवडी बाजार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रमवर कापडी छत होतं, छताला घंटी होती, आणि देवाला नाव पडलं होतं. डांबरोबा.

"सिस्टरबाईचा नवस लई कडक हाय," बाजारात बोललं जात होतं. "सुनेला लेकरू न्हाई म्हणून फिरत असंल." "न्हाई हो, सूनबाई परीक्षा पास व्हावी म्हणून." हे दुसरं ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि तेवढ्यात मंजुळाबाईचा ताप उतरला. झालं. आता पहाटे मैदानात बायकांची रांग लागायला लागली, आणि त्या रांगेतच पहिली तक्रार झाली.

"सिस्टरबाई उलटी फेरी घालून राहिली की!"

हे खरंच होतं. शेवटी एके दिवशी ग्यानबामामा हात जोडून मधोमध ड्रमपाशी येऊन उभे राहिले. आत्यांना थांबायला आणखी दोन फेऱ्या लागल्या, तोवर मामा हात जोडून गरागरा फिरत राहिले, त्यांच्या दिशेनं तोंड ठेवून.

"सिस्टरबाई, तकलीफ देतो, पर आता डावी घालून फिरू नका. लोकं नाराज हायत. आपलं उजवीकडून फिरा, कुणी हटकत न्हाई."

"मामा, उजवी माझी झाली. मला डावीच पाहिजे. शर्यतीला महिना राहिला."

"देवाला डावी कशी चालंल?"

"त्यो देव न्हाई, मामा. डांबराचा ड्रम हाय."

"व्हय की. म्हणून तर डांबरोबा."

घरी आल्यावर मी उपाय सांगितला. उपाय सोपा होता. लोकांना सांगायचं की हा देव डाव्या हाताचा आहे, ह्याला डावीच फेरी चालते, उजवी घातली तर कोपतो. एका वाक्याचा प्रश्न. शिवाय मग बाकीचे लोक पण डावीकडून फिरतील, मागून-पुढून सायकलवाले असल्यासारखं वाटेल, सराव चांगला होईल.

आत्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"दीक्षे, गोळी घेऊन ताप उतरला तर लोकं ड्रमाला नारळ फोडून राहिले. उद्या गोळी न घेताच फोडतेन. मी ह्याच लोकांना सुया टोचायला जाते, माय. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, की ड्रम डावखुरा हाय?"

"पण मग शर्यत?"

"शर्यत बी पाहिजे."

"दोन्ही कसं होणार?"

"तेच बघायचं हाय," आत्या म्हणाल्या आणि पुन्हा जुडी घेतली. मेथीच्या काड्यांना त्या दिवशी फार लागलं.

दुसऱ्या पहाटे त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि रांगेपुढं जाऊन उभ्या राहिल्या. तीसेक माणसं असतील. हातात नारळ, ताटं, एकाच्या हातात कोंबडी.

"ऐका," आत्या म्हणाल्या. "हा ड्रम रस्त्याच्या कामाचा हाय. मी शर्यतीसाठी फिरते. मला नवस-बिवस काही न्हाई. ह्याला रंग माझ्या सुनेनं दिला."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

"बगा," रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "सुनेच्या हातानं शेंदूर लावून घेतला त्यानं."

"शेंदूर न्हाई, ऑइलपेंट!" मी म्हणाले.

"जुन्या काळी ऑइलपेंट नव्हता म्हणून शेंदूर," मागून कुणीतरी समजावलं. कोंबडीवाल्याला ते पटलं.

आत्यांनी मोर्चा मंजुळाबाईकडं वळवला. ती शाल पांघरून जिनिंगच्या शेडाच्या पायरीवर बसली होती.

"मंजुळाबाई, तुमचा ताप कशानं उतरला?"

"गोळ्यानं."

"गोळ्या कुणी दिल्या?"

"तुमीच की."

आत्यांनी रांगेकडं पाहिलं. झालं का समाधान, अशा अर्थानं.

"पर तुमाला इथं कुणी आणलं?" मंजुळाबाई म्हणाली. "तुमी ह्याच्यासाठी येऊन राहिल्या, म्हणून रोज मला तपासून गेल्या. एरवी सरकारी बाई रोज कुठं येती?"

 मी तर्कक्षमतेचा पेपर तीनदा दिलेला आहे, पण असला प्रश्न त्यात कधी आला नव्हता.

 कोंबडी ओरडली. मग आत्यांचा आवाज बदलला. डोस घ्यावाच लागंल, तो आवाज.

"बराबर. तुमाला जे मानायचं ते माना, मी कुणाचं तोंड धरत न्हाई. गोळ्या वेळेवर घ्या, एवढंच म्हणणं हाय. पर मला ही जागा सकाळी तासभर पाहिजे, आणि मी डावीच फिरणार. अठराव्या वर्षी मला कुणी विचारलं न्हाई. आता मी बी कुणाला विचारत न्हाई, सांगून राहिले. मी आणि हा ड्रम एका टायमाला हितं मावत न्हाई. दोघातलं एक बाजूला व्हावं लागंल."

ग्यानबामामांनी मान खाजवली.

"तुमी तर होणार न्हाई."

"न्हाई."

"मग त्यालाच इच्यारून बघतो."

मामा ड्रमपाशी गेले. उकिडवे बसले. छताखाली डोकं घालून हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलले. मधे एकदा त्यांनी मान हलवली, एकदा "आरं पर" म्हणाले, एकदा हसले. मग उठून धोतर झटकलं.

"चालतं म्हणला."

रांगेतून सुस्कारा निघाला.

"तासभर शेडात जाऊन बसतो म्हणला. पर शेडात गार लागतं, घोंगडं पाहिजे."

"घोंगडं मी देते," आत्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "थंडी सगळ्यांना वाजती. त्याच्यात अंधश्रद्धा येत न्हाई."

तेव्हापासून असं ठरलं. पहाटे मामा आणि मी ड्रम हातगाड्यावर चढवायचो, घोंगडं गुंडाळायचो आणि शेडात नेऊन ठेवायचो. तासाभरानं पुन्हा जागेवर. रांग शेडाबाहेर शांत बसायची. घोंगड्याबद्दल उपकेंद्रात कुजबुज झाली, पण त्या महिन्यात लसीकरणाला माणसं जास्त आली, म्हणून कुणी वर कळवलं नाही.

आता मधली खूण गेली होती. खडूची रेघ पहाटे दिसत नव्हती. मग ग्यानबामामाच मध्यभागी उभे राहिले, हातात बॅटरी घेऊन. मी त्यांना रंग दिला नाही.

मध्यभागी उभा राहिलेला माणूस फार काळ गप्प राहू शकत नाही. चार दिवसांत मामा प्रशिक्षक झाले. त्यांनी आयुष्यभर औत हाकलेलं होतं, त्यामुळं वळणाबद्दल त्यांची मतं पक्की होती.

"आतल्या अंगानं घ्या, सिस्टरबाई! भाईर काहून जाऊन राहिल्या? भाईर रान मोठं हाय, फिरून फिरून मराल! आत, आत! नजर म्होरं!"

आत्या घसरून पडल्या. कोपर सोलवटलं. स्वतःच पट्टी बांधली, पुन्हा चढल्या. दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा मामा धावत गेले, तर त्या जमिनीवरून उठत म्हणाल्या, "जागेवर उभं राहा, मामा, मला मध्य कळंना." त्या आठवड्यात त्यांनी उपकेंद्रात जाताना, बाजारातून येताना, अगदी घरात चुलीकडून मोरीकडं जातानाही डावीकडूनच वळायचं ठरवलं. मोरी उजवीकडं होती. त्या पूर्ण वळसा घालून जायच्या. मी पोळ्या लाटताना त्या माझ्याभोवती फिरून पाण्याचा तांब्या भरून आणायच्या. मी लाटणं सावरून घ्यायचे. सासू-सुनेत काही गोष्टी न बोललेल्याच बऱ्या.

आणि एके पहाटे ते झालं. सायकल वळणात अशी झुकली, जशी कुणी दाराला रेलून उभं राहतं. मामा ओरडायचे थांबले.

"मामा, काय झालं?" आत्यांनी फिरता फिरता विचारलं.

"काही न्हाई," मामा म्हणाले. "आता सांगायला काही राहिलं न्हाई."

पुण्याचा ट्रॅक पाहिला आणि मला पहिल्यांदा शिवकन्याकाकूंच्या शंकेत तथ्य वाटलं. वळणावर जमीन भिंतीसारखी उभी. धम्मानंद माझ्याशेजारी उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

"आई पडली तर?"

"तर नोकरी तुला," मी म्हणाले. तो नंतर तासभर माझ्याशी बोलला नाही, ते बरं झालं, कारण मला बघायचं होतं.

सहा बायका होत्या. बाकीच्या पाचजणींच्या सायकली वजनाला माझ्या परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा हलक्या. एक पुण्याची डॉक्टर, उंच, काळ्या पोशाखात. एक कोल्हापूरची, मांड्या अशा की बघूनच माझे गुडघे दुखले. दहा फेऱ्या, सगळ्या एकत्र, शेवटच्या फेरीला घंटा. पहिल्या दोघी संघात.

सुरुवातीला कुणीच पळेना. सहाही जणी एकमेकींच्या मागं रेशनच्या रांगेसारख्या चालल्या होत्या. आत्या पाचव्या. पहिल्या वळणाला त्या भिंतीवर जरा वर गेल्या, खांदे आवळलेले. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्या फेरीला मला दिसलं, खांदे सैल पडले.

चार फेऱ्या राहिल्या आणि कोल्हापूर सुटली. तिच्यामागं डॉक्टर. दोघींनी बघता बघता अंतर पाडलं. बाकीच्या तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या, तू जा, मी येते, असं लग्नाच्या पंगतीत करतात तसं. आत्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. त्यांनी डोकं खाली घातलं आणि एकट्या निघाल्या.

एकटं अंतर तोडणं फार वाईट असतं. वारा पूर्ण तुमचा असतो. फेरी संपली, अंतर तेवढंच. आणखी एक संपली, अंतर थोडं कमी. धम्मानंदनं माझा हात इतका दाबला की मीच ओरडले. घंटा वाजली तेव्हा आत्या त्या दोघींच्या मागं पोचल्या होत्या, पण तोंड उघडं होतं, रंग उडालेला होता. आता त्यांच्याकडं काही उरलं नाही, असं मला वाटलं.

शेवटच्या वळणाला डॉक्टर कोल्हापूरला बाहेरून ओलांडायला वर गेली. कोल्हापूर तिला अडवायला वर सरकली. दोघी भिंतीवर चढत गेल्या, एकमेकींकडं बघत. खाली, अगदी आतल्या काठाला, रस्ता मोकळा पडला.

आत्या आत शिरल्या. डावीकडं, खाली, जिथं वळण सगळ्यात लहान असतं आणि सगळ्यात अवघड. त्यांना वेग वाढवावा लागला नाही. तो टिकवावा लागला, आणि न घाबरता झुकावं लागलं.

तिघी एकदमच रेघेवरून गेल्या.

पंच फोटो बघून सांगतो म्हणाले. बिनब्रेकच्या सायकलीवरून लगेच उतरता येत नाही, त्यामुळं तिघीही फिरत राहिल्या. दोघी लवकर थांबल्या. आत्या फिरतच होत्या. मी आतल्या हिरवळीवर कडेला उभी राहिले. त्या समोरून गेल्या.

"काय झालं?"

उत्तर द्यायच्या आत त्या पुढं गेल्या. मी थांबले. लाउडस्पीकर खरखरला, कोल्हापूर पहिली म्हणाला, मग करुणा हे नाव घेतलं. आत्यांचं नाव करुणा आहे. एवढ्या वर्षांत ते मी कुणाला मोठ्यानं घेताना ऐकलं नव्हतं. त्या परत आल्या.

"दुसऱ्या, आत्या! दुसऱ्या!"

"कोण?"

पुन्हा गेल्या. एक फेरी. मी आणि धम्मानंद मिळून बोंबललो, "तुम्ही!"

 तोंड पुढंच होतं. त्या फेरीला त्यांचे पाय हळू व्हायला हवे होते, झाले नाहीत. पुढच्या वेळी आल्या तेव्हा डोळे पुसायला एक हात हँडलवरून उचललेला होता, आणि सायकल रेघेवर सरळ चालली होती.

"नॅशनल कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात!"

एक फेरी.

"तिथं कोण कोण येतंय?"

"सगळा देश!"

ट्रॅकवरचा शिट्टीवाला माणूस माझ्याकडं आला. म्हणाला, पुढची शर्यत उभी आहे, मॅडमना खाली बोलवा. मी त्याला सांगितलं की तुम्हीच सांगून बघा. त्यानं शिट्टी वाजवली, हात वर केला. आत्या त्याच्यासमोरून गेल्या.

"आले," त्या म्हणाल्या, आणि वळणात झुकल्या.